एका मतदान केंद्राध्यक्षाने वाचलेली पोपची निवडणूक

जुना_खडू | २१ एप्रिल २०२५, रात्री १०:५२

दुपारी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात वसईहून फोन. "सर, आमचे पोप गेले हो." बाई माझ्याबरोबर नऊ वर्षं एकाच शाळेत होत्या, त्या गणित शिकवायच्या आणि मी मराठी. "काल ईस्टरला बाल्कनीत आले, आशीर्वाद दिला, गाडीतून माणसांत फिरले आणि आज सकाळी गेले. सण पार पाडून गेले बघा." फ्रान्सिस ८८ वर्षांचे होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया होऊन ३८ दिवस रुग्णालयात काढून आले होते, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. तरी बाईंचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा होता.

संध्याकाळी आमच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. एकाने विचारलं, आता गादीवर मुलगा बसणार का? दुसऱ्याने त्याला पोप ब्रह्मचारी असतात हे सांगितलं, मग तिसऱ्याने त्यावर विनोद केला आणि विषय आयपीएलवर गेला. तिथे लिहायचं राहिलं ते इथे लिहितोय.

माझा या विषयाशी संबंध एवढाच की नोकरीत असताना मी सतरा वेळा निवडणुकीची ड्युटी केली. त्यातल्या अकरा वेळा केंद्राध्यक्ष होतो. लोखंडी मतपेट्यांपासून मशीनपर्यंत सगळं पाहिलंय. २००५ साली जॉन पॉल दुसरे वारले, तेव्हा स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांच्या आठवणीत पोपची निवडणूकच नव्हती, कारण ते २६ वर्षं त्या जागेवर होते. बाईंनी मला कुठूनशी नियमावलीची झेरॉक्स आणून दिली. १९९६ मध्ये जॉन पॉल यांनीच ती ठरवून दिली होती. केंद्राध्यक्षाची पुस्तिका वाचतात तशी मी ती पेन्सिल घेऊन वाचली. वाचून झाल्यावर बाईंना म्हणालो, "हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात कधीतरी ड्युटी केलेली आहे."

एकच उदाहरण देतो. मतदान सिस्टीन चॅपेलमध्ये होतं, पण एखादा कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा, पोप निवडणारा वरिष्ठ धर्मगुरू, आजारी असेल तर तो निवासातल्या खोलीत झोपून असतो. त्याचं मत आणायला तिघे जातात. त्यांच्याकडे वर फट असलेली एक पेटी असते. ती आधी सगळ्यांसमोर उघडून रिकामी असल्याचं दाखवायची, मग कुलूप लावायचं आणि किल्ली वेदीवर ठेवायची. म्हणजे पेटी नेणाऱ्याच्या हाती किल्ली नाही. आम्ही सकाळी साडेसहाला शाळेच्या व्हरांड्यात प्रतिनिधींसमोर मतपेटी उलटी करून, आत हात फिरवून दाखवायचो आणि मग कागदी मोहर लावायचो. अगदी तेच!

आता मुख्य मतदान. मताचा हक्क कुणाला, तर आसन रिकामं झालं त्या दिवसाआधी ज्याने वयाची ८० वर्षं पूर्ण केलेली नाहीत अशा कार्डिनललाच. आज असे १३५ जण आहेत. मतपत्रिकेच्या वरच्या अर्ध्या भागात लॅटिनमध्ये 'मी सर्वोच्च धर्मगुरू म्हणून निवडतो' असं छापलेलं, खाली कोरी जागा. तिथे नाव लिहायचं आणि तेही शक्यतो अक्षर ओळखू येणार नाही असं. (आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना हे जमलं नसतं. त्यांचा 'श' पंचक्रोशीत प्रसिद्ध होता.) दोनदा घडी घालून, कागद सगळ्यांना दिसेल असा हात वर धरून एकेकाने वेदीपाशी जायचं, मोठ्याने शपथ घ्यायची, कागद तबकावर ठेवायचा आणि तबक कलंडून तो पात्रात सोडायचा. तबक कशाला? हातातून थेट टाकलं तर एकाऐवजी दोन कागद सोडता येतात. ही माझी अटकळ आहे, पण ड्युटी केलेला माणूस दुसरं काही म्हणणार नाही.

मग मोजणी. चिठ्ठ्या टाकून निवडलेले तीन मोजणीदार. आधी कागद न उघडता फक्त मोजतात. मतदार आणि कागद यांचा आकडा जुळला नाही तर एकही कागद न उघडता सगळे जाळायचे आणि लगेच पुन्हा मतदान. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. १७ सी नमुन्यात, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबात, एका मताचा फरक आला म्हणून मी एकदा रात्री पावणेदोनपर्यंत शाळेत बसलेलो आहे, बाहेर एसटी उभी, आत घामाघूम झालेली चार माणसं. जाळून टाकायची सोय असती तर!

आकडा जुळला की पहिला मोजणीदार कागद उघडून मनात वाचतो, दुसरा मनात वाचतो, तिसरा मोठ्याने वाचून नाव लिहून घेतो आणि सुईने कागद ओवतो. 'निवडतो' या शब्दाला, 'एलिगो'ला, भोक पाडून दोऱ्यात ओवायचा. सगळे झाले की दोऱ्याच्या दोन टोकांना गाठ. त्यानंतर आणखी तीन जण तेच सगळं पुन्हा तपासतात. मग माळ भट्टीत. निवड झाली असेल तर चिमणीतून पांढरा धूर, नसेल तर काळा. दोन तृतीयांश मतं मिळेपर्यंत हे, पहिला दिवस सोडून, रोज चार वेळा, सकाळी दोन, दुपारी दोन.

नियमावली वाचताना मला प्रत्येक कलमाखाली एक जुनं भांडण दिसत होतं. ज्याला कुणी कधीच फसवलेलं नाही, तो माणूस 'रिकामी पेटी उघडून दाखवा' असं लिहीत नाही. तुमचं काय मत? जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

---

टवाळ_टिंबटिंब | २१ एप्रिल, रात्री ११:१५

माणसं एका ठिकाणी ठेवायची, फोन काढून घ्यायचे, बाहेर पहारा आणि निकाल लागेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. आमच्याकडे याला रिसॉर्ट म्हणतात, गुरुजी. फक्त यांच्याकडे झाडी-डोंगराऐवजी छतावर मायकेलँजेलो.

---

जुना_खडू | २१ एप्रिल, रात्री ११:४०

@टवाळ, रिसॉर्ट नव्हे, कोंडवाडा. पोपच्या या निवडणुकीला कॉन्क्लेव्ह म्हणतात, तो शब्दच मुळात 'किल्लीसह' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांतून आलाय, म्हणजे कुलूपबंद खोली.

१२६८ मध्ये पोप चौथे क्लेमंट वारले तेव्हा कार्डिनल इटलीतल्या व्हितेर्बो गावी जमले होते. फ्रेंच गट आणि इटालियन गट, कुणी हटेना. महिने गेले, वर्ष गेलं. पाहुणे इतके दिवस राहिले की खर्च गावाच्या अंगावर. शेवटी गावकऱ्यांनी वाड्याला बाहेरून कुलूप ठोकलं, जेवण भाकरी-पाण्यावर आणलं आणि तरी ऐकेनात म्हणून छप्पर काढलं. निकाल लागला सप्टेंबर १२७१ मध्ये, जवळपास तीन वर्षांनी. निवडून आले ते दहावे ग्रेगरी. ते कार्डिनलही नव्हते, निवडले गेले तेव्हा तिकडे पॅलेस्टाइनमधल्या एकर शहरात, धर्मयुद्धाच्या आघाडीवर होते. त्यांनी आल्यावर १२७४ साली नियमच करून टाकला: कोंडून ठेवा, तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर भाकरी, पाणी आणि वाइन. वाइन ठेवली, हा त्यांचा मोठेपणा.

---

सामवेदीण | २२ एप्रिल, सकाळी ७:२०

मी वसईची, कॅथलिक. सरांचं लिखाण आवडलं. 'गादी' शब्दाला कुणी नाक मुरडू नये, कारण लॅटिनमध्ये या काळाला म्हणतात 'सेदे व्हाकान्ते', म्हणजे आसन रिकामं असताना. आसन काय, गादी काय, एकच.

एक गोष्ट सांगते जी टीव्हीवर दिसत नाही. प्रत्येक मिस्सात, म्हणजे आमच्या चर्चमधल्या उपासनेत, एक जागा येते, तिथे फादर पोपचं नाव घेऊन प्रार्थना करतात. काल संध्याकाळी ती जागा आली आणि आमचे फादर नाव न घेता पुढे गेले. नियमच तसा आहे, आसन रिकामं असताना नाव घ्यायचं नाही. पण बारा वर्षं कानाला सवय. चर्चमध्ये सगळ्यांनी एकदम मान वर केली. माझ्या शेजारच्या म्हातारीने स्वतःच हळूच 'फ्रान्सिस' म्हणून घेतलं.

---

हिशेबनीस | २२ एप्रिल, सकाळी ११:०५

उत्तम धागा. गुरुजींच्या 'प्रत्येक कलमाखाली भांडण' या म्हणण्याला दोन पुरावे.

पहिला. स्वतःला मत देता येतं का? पूर्वी याची फार धास्ती होती. मतपत्रिकेच्या एका दुमडलेल्या, सीलबंद भागात मतदाराची खूण असायची. कुणाला बरोबर दोन तृतीयांश मतं पडली, एकही जास्त नाही, तर त्याने स्वतःलाच मत दिलंय का ते तो भाग उघडून पाहायचे. १९४५ साली पोप बाराव्या पायसनी ही कटकट एका फटक्यात संपवली: दोन तृतीयांश अधिक एक मत हवं. आता त्याने स्वतःला मत दिलं असलं तरी फरक पडत नाही, खूण बघायची गरज नाही. असा सुंदर हिशेब मी बँकेतल्या ३१ वर्षांत पाहिला नाही.

दुसरा. १९०३. पोप तेरावे लिओ गेल्यावर रांपोल्ला नावाचे कार्डिनल आघाडीवर होते. मतदान चालू असताना क्राकोव्हचे कार्डिनल पुझिना उभे राहिले आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वतीने रांपोल्लांच्या नावावर नकाराधिकार वापरला. युरोपातली काही कॅथलिक राजघराणी असा हक्क सांगायची. निवडून आले दुसरेच, दहावे पायस, आणि त्यांनी पुढच्याच वर्षी हा प्रकार कायमचा बंद केला. ज्या नकाराधिकारामुळे त्यांना वाट मोकळी झाली तोच त्यांनी मोडला, हे मला फार आवडतं.

---

टवाळ_टिंबटिंब | २२ एप्रिल, सकाळी ११:३०

मला वाटायचं चांदीच्या हातोडीने कपाळावर तीनदा ठोकून पोप गेले का ते बघतात. तेही भांडणातूनच आलं का?

---

हिशेबनीस | २२ एप्रिल, दुपारी १२:१०

हातोडी बहुतेक दंतकथाच. आता डॉक्टर दाखला देतो आणि कामेरलेंगो, म्हणजे मधल्या काळात कारभार सांभाळणारा कार्डिनल, नोंद करतो. या वेळी केव्हिन फॅरेल. कालची बातमी त्यांनीच जाहीर केली. मात्र पोपची अंगठी मोडतात हे खरं. ती शिक्क्याची अंगठी. मालक गेल्यावर शिक्का चालू राहिला तर मागच्या तारखेचे कागद तयार व्हायला कितीसा वेळ?

---

जुना_खडू | २२ एप्रिल, दुपारी १२:२५

आमचं पितळी सील! साहित्य जमा करताना ते मोजून परत घेतात. बाकी सुतळी, मेणबत्ती, लाख कमी भरली तर चालतं, सील हरवलं तर माणूस सुटत नाही.

---

रानवारा | २५ एप्रिल, रात्री ९:४८

पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन-तीन दिवस कुठल्याच धाग्यावर यावंसं वाटलं नाही. आज आलो. उद्या अंत्यसंस्कार आहेत ना?

---

मांडवीकाठ | २६ एप्रिल, सायंकाळी ७:३०

होय, आज झाले. मी गोव्याचा. आमच्याकडे 'पाप सायब' म्हणतात. बाहेरच्या लोकांना ऐकून गंमत वाटते, पण 'पाप' म्हणजे इथे पापा, बाप.

आमच्या घरात दुपारी सगळे टीव्हीसमोर. राष्ट्रपती मुर्मू गेल्या होत्या, गोवा विधानसभेचे उपसभापतीही भारताच्या शिष्टमंडळात होते. पण माझ्या आईचं लक्ष पेटीवर. "एकच?" म्हणाली. पूर्वी पोपना एकात एक अशा तीन पेट्यांत ठेवायचे, सायप्रस झाडाचं लाकूड, मग शिसं, मग पुन्हा लाकूड. फ्रान्सिसनी मागच्याच वर्षी तो विधी साधा करून घेतला, आता आतून जस्त लावलेली लाकडाची एकच पेटी. पुरलंसुद्धा व्हॅटिकनच्या बाहेर, रोममधल्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये. परदेशी जाण्याआधी आणि आल्यावर ते तिथे मरियेच्या चित्रापुढे जाऊन बसायचे. दगडावर फक्त 'फ्रान्सिस्कस'. पायऱ्यांवर निरोपाला गरीब, स्थलांतरित, कैदी आणि तृतीयपंथी माणसं पांढरी गुलाबाची फुलं घेऊन उभी होती. आई १९८६ मध्ये जॉन पॉल गोव्यात आले तेव्हा गर्दीत चपला हरवून घरी आली होती. आजही तीच गोष्ट सांगितली, फक्त शेवटी रडली.

---

नास्तिक_नाना | २७ एप्रिल, सकाळी १०:००

सगळे भारावलेले दिसतायत म्हणून विचारतो. जगात सुमारे १४० कोटी कॅथलिक. त्यांचा प्रमुख निवडणार शे-सव्वाशे पुरुष, तेही आधीच्या पोपने नेमलेले. त्यात एकही बाई नाही. यात लोकशाही शोधणं म्हणजे सहकारी कारखान्याच्या पॅनेलमध्ये संतत्व शोधणं. आणि मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं दाबणारी हीच ती यंत्रणा. सुई-दोऱ्याचं कौतुक पुरे.

---

सामवेदीण | २७ एप्रिल, दुपारी १:१५

नाना, अत्याचारांबद्दल तुमच्याशी वाद नाही. आम्हीही तेच विचारतो, चर्चमध्ये बसून विचारतो. बायकांबद्दलही खरं. फ्रान्सिसनी याच वर्षी सिमोना ब्रांबिल्ला या सिस्टरना व्हॅटिकनच्या एका खात्याचं प्रमुख केलं, दुसऱ्या सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी व्हॅटिकन नगराचा कारभार बघतात. पण मतदानाच्या दाराशी आलं की बाई बाहेर. कॉन्क्लेव्हच्या काळात स्वयंपाक मात्र सिस्टरच करणार.

---

जुना_खडू | २७ एप्रिल, दुपारी २:००

नाना, मी याला लोकशाही म्हटलं नाही. नीट चालवलेलं मतदान म्हटलं. दोन्ही एक नव्हेत, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

'आधीच्याने नेमलेले' हेही बरोबर, आताचे ८० टक्क्यांच्या आसपास फ्रान्सिसनीच नेमलेले आहेत. पण तरी दोन तृतीयांश लागतात, आणि आपल्याच माणसाच्या हातातून निवडणूक निसटल्याची उदाहरणं या इतिहासात भरपूर. जॉन पॉल दुसऱ्यांनी एक पळवाट ठेवली होती, बऱ्याच फेऱ्या होऊनही निकाल लागला नाही तर साध्या बहुमतावर येता येईल. त्यांच्यानंतरचे पोप बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये ती बुजवली. कारण उघड आहे. ५१ टक्केवाल्या गटाला एकदा कळलं की थांबलं की जिंकतोय, तर तो तडजोड करेल कशाला? नुसता जेवून झोपेल.

---

मांडवीकाठ | ५ मे, रात्री ८:४०

परवा, ७ तारखेला सुरू. मतदार १३५ पैकी १३३ जाणार, दोघे आजारपणामुळे येत नाहीत. म्हणजे ८९ मतं हवीत. भारताचे चार: आमचे गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव, हैदराबादचे अँथनी पूला, तिरुवनंतपुरमचे बासेलिओस क्लीमिस आणि व्हॅटिकनमध्ये काम करणारे केरळचे जॉर्ज जेकब कूवाकाड. फेर्राव हळदोण्याचे. मुंबईला या वेळी मत नाही, कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस डिसेंबरमध्ये ८० चे झाले. २०१३ मध्ये ते आत होते.

---

हिशेबनीस | ५ मे, रात्री ९:१०

मुंबईचा मान जुना आहे. पहिले भारतीय कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचेच, १९५३ सालचे. १९५८ आणि १९६३ या दोन्ही निवडणुकांत त्यांनी मत दिलं. १९६३ ला निवडून आलेले सहावे पॉल पुढच्याच वर्षी मुंबईत आले, ओव्हलवर तुफान गर्दी. आणि ८० वर्षांवरच्यांचं मत काढून घेणारा नियम केला तोही याच सहाव्या पॉलनी, १९७० मध्ये.

कूवाकाडांचं आणखी एक. मोजणीदार निवडायच्या चिठ्ठ्या सर्वांत कनिष्ठ कार्डिनल-डीकन (कार्डिनलांमधला सर्वांत खालचा दर्जा) काढतो. या वेळी ते कनिष्ठ म्हणजे हेच. गुरुजी, तुमचा मतदान अधिकारी क्रमांक तीन केरळचा.

---

रानवारा | ७ मे, रात्री ११:५०

कुणी जागं आहे का? सगळ्या वाहिन्यांवर सीमेवरच्या बातम्या, सिस्टीन चॅपेलची धुराची चिमणी कुठेच नाही. मी मोबाइलवर व्हॅटिकनचं थेट प्रक्षेपण लावलंय. सव्वानऊच्या सुमारास 'सगळे बाहेर' म्हणून दार लावलं, अडीच तास होऊन गेले. काही बिघडलं का?

---

जुना_खडू | ८ मे, रात्री १२:०५

जागा आहे. आमच्या सौ. म्हणाल्या, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी ड्युटी संपत नाही.

बिघडलं काही नसणार. दार लावल्यावर आधी प्रवचन असतं, ९० वर्षांचे कार्डिनल कांतालामेस्सा देणार होते, आणि ते थोडक्यात बोलतील अशी आशा कुणी धरू नये. मग १३३ माणसं. एकेकाने उठून वेदीपर्यंत जायचं, शपथ म्हणायची, परत यायचं. माणशी एक मिनिट धरा, तेच सव्वादोन तास. त्यात बहुतेकांचं हे पहिलंच कॉन्क्लेव्ह. पहिल्या तासात मतदान सावकाश चालतं, हा सगळीकडचा नियम.

---

रानवारा | ८ मे, रात्री १२:३२

काळा! काळाकुट्ट. झोपतो.

---

टवाळ_टिंबटिंब | ८ मे, सकाळी ९:२०

धूर काळा-पांढरा करतात कसा? ओला पेंढा घालतात असं ऐकलं होतं.

---

हिशेबनीस | ८ मे, सकाळी १०:००

पूर्वी तसंच करायचे. आणि फजिती व्हायची. १९५८ मध्ये धूर आधी पांढरा दिसला, लोक नाचायला लागले, मग काळा पडला. १९७८ मध्ये करडा निघाला. म्हणून आता दोन भट्ट्या असतात. एक १९३९ ची, तीत मतपत्रिका जळतात. दुसरी २००५ ची, तीत रसायनांच्या नळकांड्या पेटतात. पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, दुग्धशर्करा आणि राळ. काळ्यासाठी पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन आणि गंधक. तरीही शंका नको म्हणून २००५ पासून पांढऱ्या धुराबरोबर घंटा वाजवतात. धुराला साक्षीदार!

---

रानवारा | ८ मे, रात्री ९:४१

पांढरा!!! आत्ताच, चार मिनिटांपूर्वी! छपरावर चिमणीशेजारी समुद्रपक्ष्यांचं कुटुंब बसलं होतं, एक पिल्लूही. सगळा कॅमेरा त्यांच्यावर आणि मागून भसकन धूर. इथे दुसऱ्या वाहिनीवर जम्मूत ब्लॅकआउट, धरमशालाची मॅच बंद पडली. एका हातात हे, एका हातात ते.

---

सामवेदीण | ८ मे, रात्री ९:५५

आमच्याकडे घंटा वाजतायत. मुलं खाली उतरलीत. कोण ते अजून कळायचंय, पण आईने आधीच मेणबत्ती लावली. तिला विचारलं कुणासाठी, तर म्हणते, "जो असेल त्याच्यासाठी. बिचारा घाबरला असेल."

---

शिकागोकर_जोशी | ८ मे, रात्री ११:१०

इथे आत्ता दुपार आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा या धाग्यावर लिहितोय, कारण आमच्या ऑफिसात वेडेपणा चाललाय. रॉबर्ट फ्रान्सिस प्रिव्होस्ट, चौदावे लिओ. शिकागोत जन्म, १९५५! पहिले अमेरिकन पोप. कँटीनमध्ये पोलिश, मेक्सिकन, आयरिश सगळे एकमेकांना मिठ्या मारतायत आणि मी एकटा देशस्थ मध्ये उभा.

पहिलं भांडणही लागलं. शिकागोत बेसबॉलचे दोन संघ, उत्तरेकडचा कब्ज आणि दक्षिणेकडचा व्हाइट सॉक्स. पोप कुणाचे? भावाने सांगून टाकलं, व्हाइट सॉक्स. आमचा बॉस कब्जवाला, तो तोंड पाडून जागेवर गेला. मात्र बाल्कनीतून ते इटालियनमध्ये बोलले, मध्येच स्पॅनिशमध्ये पेरूतल्या चिक्लायोच्या (तिथे ते बिशप होते) आपल्या लोकांना नमस्कार, शेवटी लॅटिन. इंग्रजी एक वाक्य नाही. इथे काही जण त्यावरही नाराज.

---

जुना_खडू | ९ मे, सकाळी ६:३०

अभिनंदन, जोशी! चार फेऱ्यांत काम झालं. बाईंशी रात्री बोललो. पेरूतली इतकी वर्षं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे गावाकडे बदलीवर राहिलेला माणूस आहे." शिक्षकाला याहून मोठी पावती नाही.

---

रानवारा | ९ मे, सकाळी ८:१५

बातमीत वाचलं की हे बिशप नेमणाऱ्या खात्याचे प्रमुख होते. म्हणजे आपल्याकडचे बिशपही यांच्याच सहीने यायचे?

---

सामवेदीण | ९ मे, सकाळी ८:५०

नाही हो. आमच्यासारखे लॅटिन पंथाचे भारतातले धर्मप्रांत त्या खात्याकडे येत नाहीत, ते सुवार्ता प्रसाराच्या खात्याकडे. वसईला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला १९९८ मध्ये. पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली होती तुकोबांवर.

---

हिशेबनीस | ९ मे, सकाळी ९:३०

काल रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पूर्वी पोप गेल्यावर दहा दिवसांनी कॉन्क्लेव्ह सुरू व्हायचं. बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल बोटीने यायचे. १९१४ मध्ये पोचले तोवर निवडणूक संपलेली. १९२२ मध्ये जिवाच्या आकांताने आले, पुन्हा उशीर, थोडक्यात हुकली. त्यांनी भांडण काढलं. नवे पोप अकरावे पायस यांनी त्याच वर्षी मुदत दहावरून पंधरा दिवसांवर नेली. गुरुजी, तुमच्या पुस्तिकेतले 'पंधरा पूर्ण दिवस' ते हे. अमेरिकेच्या माणसाला मत देता यावं म्हणून थांबायला सुरुवात केली आणि १०३ वर्षांनी अमेरिकेचाच माणूस निवडला.

---

जुना_खडू | ९ मे, सकाळी ९:४५

हे माहीत नव्हतं. झेरॉक्सच्या समासात लिहून ठेवतो.

---

रामवाडी_नाका | ९ मे, रात्री १०:२०

उशिरा आलो. 'लिओ' नावावरून पुण्याचं आठवलं. या नावामागे तेरावे लिओ आहेत, १८९१ मध्ये कामगारांच्या हक्कांवर पत्र काढणारे. त्याच लिओंनी १८९३ मध्ये भारतातल्या धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी कँडीला सेमिनरी काढली. ती १९५५ मध्ये पुण्यात आली, नगर रोडला, आमच्या रामवाडीजवळची पेपल सेमिनरी. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, अर्थ असा की हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील. लहानपणी आम्ही तिथल्या झाडांच्या चिंचा पाडायला कुंपणावरून जायचो. रिक्षावाले अजून 'पेपर सेमिनरी' म्हणतात.

---

टवाळ_टिंबटिंब | ९ मे, रात्री १०:४०

मीही म्हणतो. मला वाटायचं पेपर तपासतात तिथे.

---

सामवेदीण | ११ मे, दुपारी १२:१५

आज रविवार, सकाळची मिस्सा. ती जागा आली. फादर थोडे थांबले, पुस्तकाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आमचे पोप फ्रान्सिस..." मग गप्प. पहिल्या बाकावरची मुलं हसली. फादरांनी चष्मा सरळ केला आणि पुन्हा सुरुवातीपासून, "आमचे पोप लिओ." माझ्या शेजारची ती म्हातारी होतीच. या वेळी तिने दोन्ही नावं घेतली.